दहावी रेघ

मित्रांनो, माझ्या तोंडाला वास येतो, त्याबद्दल आधीच माफी मागते. जळक्या तेलाचा वास आहे तो, आणि त्याच्याखाली आणखी एक आहे, जळक्या केसांचा. कितीही पुसलं तरी जात नाही. मी एक जुनी इस्त्री आहे. कपड्यांची नव्हे, केसांची. दुकानात मला स्ट्रेटनर म्हणतात. चिमट्यासारखे दोन लांब जबडे, आत दोन चपट्या पट्ट्या आणि शेपटीला वायर, असं माझं रूप. केसांची बट जबड्यात धरायची आणि खाली ओढत न्यायची, की कुरळे केस सरळ होतात. अमेरिकेतल्या सव्हाना गावातल्या एका स्वयंपाकघरात, ओव्हनशेजारच्या खालच्या खणात, मी एका जुन्या टी-शर्टात गुंडाळलेली पडून असते. मला कचऱ्यात टाकायला निघाले होते. का टाकलं नाही, तेच आज सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं ऐकून तुम्हाला काय करायचंय? हजारो बहिणी होत्या, एकीचंही नाव आठवत नाही. माझं खरं आयुष्य शेरीसने मला विकत घेतलं त्या दिवसापासून सुरू झालं. शेरीस ओझेलाबाईंच्या पार्लरमध्ये दुसऱ्या खुर्चीवर काम करायची. आमच्या भागातल्या बायका तिच्या खुर्चीसाठी दोन-दोन तास ताटकळत बसायच्या, आणि खुद्द ओझेलाबाईंची पहिली खुर्ची रिकामी असली तरी उठायच्या नाहीत. ओझेलाबाईंना याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. मला मात्र शेरीसने पार्लरसाठी घेतलं नव्हतं. घरासाठी, तिच्या एकुलत्या एका मुलीसाठी घेतलं होतं. मुलीचं नाव झकिया. तेव्हा ती सात वर्षांची होती.

झकियाचे केस दाट आणि गच्च कुरळे. ओढले तर खांद्याला टेकायचे, सोडले की उडी मारून कानापाशी जायचे. आमच्या इथल्या काळ्या लोकांचे केस असेच. वाढतात खाली आणि दिसतात वर. त्यामुळे केस किती वाढले हे नुसतं बघून कळत नाही, आणि आमच्या बायकांना तर तेच जाणून घ्यायचं असतं.

शेरीसचा हात काय सांगू तुम्हाला! आधी सिंकमध्ये केस धुवायची. मग पुरते वाळवायची, अगदी मुळापर्यंत. मग टोकाकडून विंचरत वर यायची. माझ्या पोटावर एक गोल खुंटी आहे, तीनशेपासून साडेचारशेपर्यंत तापमानाचे फॅरनहाइट आकडे आहेत तिच्यावर. शेरीसने ती तीनशेच्या पुढे कधी नेली नाही. बारीक बारीक बटा घ्यायची आणि प्रत्येक बटेवरून मला एकदाच फिरवायची. "कान धर गं," म्हणायची, की झकिया आपला कान हाताने दाबून धरायची, भाजू नये म्हणून. आणि हे सगळं वर्षातून फक्त दोनदा. एकदा ईस्टरच्या आदल्या दिवशी, एकदा ऑगस्टमध्ये शाळा उघडण्याआधी. बाकीचं वर्ष मी खणात आराम करायची. तेव्हा मला वाटायचं, ही बाई माझी कदर करत नाही. किती मूर्ख होते मी!

त्या दोन दिवशी आणखी एक गंमत असायची. शेरीसने एका पांढऱ्या टी-शर्टाच्या पाठीवर काळ्या पेनने आडव्या रेघा मारल्या होत्या. खांद्यापासून खाली, दर दोन बोटांवर एक, अशा दहा. झकियाने तो शर्ट घालून पाठ करून उभं राहायचं. केसांची टोकं कुठल्या रेघेला टेकली ते शेरीस बघायची आणि त्या रेघेशेजारी बारीक अक्षरात तारीख लिहायची. पहिल्या ईस्टरला पहिली रेघ. पुढे दुसरी. पोरगी आरशाकडे पाठ करून मान वळवून वळवून बघायची.

मधल्या दिवसांत शेरीसचा एक खेळ होता. सिंकमध्ये केस धुताना ती एक ओली बट दोन बोटांत धरायची, हळूच खाली ओढायची, क्षणभर बघायची आणि सोडून द्यायची. बट टुणकन वर जायची. झकिया खिदळायची, "परत कर, परत!" मी खणाच्या फटीतून बघायची. मला तो नुसता लाडाचा खेळ वाटायचा.

विंचरताना गळलेले केस शेरीस कचऱ्यात टाकत नसे. एका फुटक्या बशीत ठेवून काडी लावायची. असे केस एखाद्या पक्ष्याने घरट्याला नेले तर आपलं डोकं दुखत राहतं, असं इथल्या बायका मानतात. ती बशी खिडकीत असायची. ती लक्षात ठेवा, पुढे लागेल.

झकिया आठ वर्षांची झाली आणि शेरीस आजारी पडली. स्वतःचं रक्तच स्वतःच्या अंगावर उठतं असा काहीतरी आजार होता. औषधं जालीम होती. तिचे स्वतःचे केस कमरेपर्यंत होते, ते मूठमूठ येऊ लागले. एका सकाळी तिने उरलेले काढून टाकले, डोक्याला जांभळा रुमाल बांधला आणि झकियाला दोन गुडघ्यांत बसवून विंचरायला घेतलं.

"माझे गेले," ती म्हणाली. "आता आपल्या दोघींचे तुझ्या डोक्यावर. नीट सांभाळायचे, काय?"

"हो."

"आणि दहाव्या रेघेला आले ना, की ईस्टरला मोकळे सोडायचे आणि चर्चमध्ये सगळ्यांसमोर मुलांचं ते पाठ केलेलं भाषण म्हणायचं. मी पहिल्या बाकावर बसणार. माझी ती पिवळी टोपी घालून. इतकी मोठी टोपी, की मागच्या बायकांना काही दिसणार नाही आणि त्या मला मनातल्या मनात शिव्या देतील."

"चर्चमध्ये शिव्या देत नाहीत."

"तू बघच."

त्या ऑगस्टमध्ये पाचवी रेघ आली. शेरीसने बोटांवर मोजलं. तीन महिन्यांत एक रेघ वाढते, मधेमधे टोकं थोडी कापायची, म्हणजे पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या ईस्टरला दहावी. झकियाने ते पाठ करून टाकलं. ऑक्टोबरमध्ये शेरीस गेली.

तिची थोरली बहीण डेनीन, झकियाची मावशी, आपलं सामान घेऊन आमच्याकडे राहायला आली. मोठ्या आवाजाची आणि मोठ्या मनाची बाई. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, आणि तुम्हीही तिला बोल लावू नका. अठरा वर्षं ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करत होती. तिथे मोठाले गरम रोलर असतात. चादर ओलसर असतानाच आत सरकवायची, कारण कोरडी झाली की सुरकुत्या जात नाहीत. ताप जितका जास्त तितकी चादर छान. हे तिच्या हाडामांसात भिनलेलं. तिचे स्वतःचे केस बोटभर कापलेले, वर केसांचा टोप घालायची. लहान मुलीचे केस तिने आयुष्यात कधी हाताळले नव्हते.

अंत्यविधीच्या सकाळी घर शेजाऱ्यांनी आणलेल्या भाताच्या आणि कोंबडीच्या पातेल्यांनी भरलं होतं. डेनीनने पोरीचे केस धुतले, टॉवेलने टिपले आणि ओलसर असतानाच मला हातात घेतलं. खुंटी शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवली. मी इतकी कधी तापले नव्हते. पहिली बट जबड्यात आली आणि चर्र असा आवाज झाला.

"मावशी, धूर!"

"धूर नाही गं बाई, वाफ. वाफ निघाली म्हणजे काम चाललंय."

ती वाफ केसांच्या आत उकळत होती, मित्रांनो. मला जाणवत होतं. पण मला जीभ नाही, नुसतेच जबडे. कान धरायला सांगायचं डेनीनला ठाऊकच नव्हतं. डाव्या कानामागची बट घेताना माझं टोक कातडीला लागलं. पोरगी किंचाळली, आणि मग रडायला लागली ती थांबेचना. आई गेल्यापासून चार दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती. डेनीनने मला ओट्यावर टाकलं, तिला पोटाशी धरलं आणि दोघी रडत बसल्या.

त्या दिवसापासून झकियाने कानामागच्या त्या बटेला मला शिवू दिलं नाही. "इथे नको," म्हणायची आणि कानावर हात ठेवायची. त्या बटेची तिने घट्ट वेणी घातली, वळकटी केली आणि कानामागे चाप लावून टाकला. वेणी सुटली की धुवून पुन्हा घालायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. वरचे केस तिच्यावर येत, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नसे.

"ठेव बाई तुझं ते उंदराचं शेपूट," डेनीन म्हणायची.

अंत्यविधीला मात्र सगळ्यांनी कौतुक केलं. पोरीचे केस पाठीवर काचेसारखे सपाट. "डेनीन, काय चमकवलंस गं पोरीला! शेरीसने बघितलं असतं तर..." बायका म्हणत राहिल्या. डेनीनचं तोंड सुजलेलं, तरी ती जराशी हसली. घरी येऊन तिने मला कपड्याने पुसलं. खोटं कशाला बोलू, मीही फुलून गेले होते. वर्षातून दोनदा बाहेर निघणारी मी, आता सगळ्या बायकांच्या तोंडी होते.

डिसेंबरच्या एका शनिवारी झकियाने तो रेघांचा शर्ट काढला. "मावशी, बघ ना कितवी आली." डेनीनने पुन्हा केस धुतले, पुन्हा मला तापवलं. पाचवीच्या खाली एक बोट! जानेवारीत सहावी! डेनीन मला हातात तशीच तापलेली धरून स्वयंपाकघरात नाचली. आई गेल्यावर पोरगी पहिल्यांदा खळखळून हसली. मग ते हसू बघायची डेनीनला चटकच लागली. महिन्यातून एकदा होतं ते पंधरवड्याला झालं, पंधरवड्याचं दर शनिवारी झालं. त्यात आमच्या इथली हवा खाडीवरून ओल घेऊन येते. चर्च सुटेपर्यंत सरळ केस फुगून पुन्हा आखडायचे. मग बुधवारच्या प्रार्थनेआधी परत मी.

केस वाढले का ते बघायचं, तर सरळ करावे लागतात. सरळ करायचे, तर मला तापवावं लागतं. दोघींना यात काही चूक दिसली नाही. मलाही सुरुवातीला दिसली नाही.

फेब्रुवारीत सहावीच रेघ. मार्चमध्ये सहावीच. ईस्टरला सहावीच. "थांब, येईल," डेनीन म्हणाली आणि नवं तेल घेऊन आली. ते तेल लावून तिने मला फिरवलं, तेव्हा केस माझ्यात अक्षरशः तळले गेले. ऑगस्टमध्ये पाचवी रेघ आली. झकिया शर्ट घालून उभी होती आणि डेनीन रेघा पुन्हा पुन्हा मोजत होती. "सांग ना," पोरगी म्हणाली. "अगं, तू वाकून उभी राहिलीस," डेनीन म्हणाली. झकिया ताठ उभी राहिली. तरी पाचवीच.

शर्टाच्या खांद्यांवर आता तुकडे पडायचे. शेवेचा चुरा पडावा तसे, सिंकमध्ये, ओट्यावर, पोरीच्या उशीवर. डेनीन ते गोळा करून बशीत जाळायची, बहिणीची रीत म्हणून. शेरीस जाळायची ते केस मी बघितले होते. ते लांबच लांब असायचे आणि त्यांच्या मुळाशी एक पांढरा ठिपका असायचा. गळून पडलेल्या केसाला तो असतोच. हे तुकडे बोटाच्या पेराएवढे, आणि ठिपका एकालाही नाही. हे गळलेले नव्हते, तुटलेले होते. मी तोडलेले.

मग चर्चमध्ये प्रुइटबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "डेनीन, पोर नीट जेवते ना? नाही, केस फारच विरळ दिसतात म्हणून विचारलं."

डेनीनने घरी येऊन पातेलं आपटलं. "मी हिला उपाशी मारते काय? स्वतःच्या तोंडचा घास देते मी!" खरंच देत होती. गोळ्या आणल्या, अंडी डोक्याला लावली, दुधाच्या सायीचे आणि मधाचे लेप लावले. आणि बायकांनी पुन्हा बोलू नये म्हणून दर रविवारी केस आणखी सपाट करू लागली. एका बटेवरून तीन-तीनदा, चार-चारदा. टोकं राठ झाली की ती तीच टोकं पुन्हा माझ्यात धरायची. आणि शाळेच्या दिवशी सकाळी डेनीन कामावर गेली, की झकिया स्टुलावर चढून स्वतःच मला लावायची. दहा वर्षांची पोर. टोकं माझ्यात धरून पुटपुटायची, "वाढा ना. आईला हो म्हटलंय मी."

मला वायर तोडून घेता आली असती तर घेतली असती, मित्रांनो.

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत तिसरी रेघ होती. मार्चमध्ये दुसरी. एका सकाळी डेनीन सिंकपाशी उभी राहून म्हणाली, "दुःखाने वाढ खुंटते माणसाची. शेरीस गेली आणि केस थांबले, दुसरं काही नाही." झकियाने ते ऐकलं आणि मान हलवली. तिलाही तेच पटलं. त्यानंतर ती केसांना काही पुटपुटली नाही.

ओझेलाबाईंकडे जायचं इतके दिवस का सुचलं नाही, असं तुम्ही विचाराल. सुचलं होतं. पण पार्लरमध्ये शेरीसची दुसरी खुर्ची तशीच रिकामी ठेवलेली होती आणि ती बघायचं डेनीनच्या जिवावर यायचं. दोनदा ती दारापर्यंत जाऊन परत आली होती.

ईस्टरच्या आदल्या दिवशी झकिया म्हणाली, "मी भाषण म्हणणार नाही. दहावी रेघ आली नाही." ती दहा वर्षांची होती आणि तो तिच्या आईने ठरवलेला ईस्टर होता. पिवळा झगा शिवून दारामागे टांगलेला होता. डेनीनने खूप समजावलं, मग रागावली, मग खुर्चीत बसून राहिली. शेवटी तिने मला, शर्टाला आणि कंगव्याला एका पिशवीत कोंबलं आणि पोरीचा हात धरून थेट ओझेलाबाईंचं पार्लर गाठलं.

ईस्टरचा आदला दिवस, पार्लर खचाखच भरलेलं. ओझेलाबाई सत्तरीच्या, उंच स्टुलावर बसून काम करायच्या. त्यांनी झकियाच्या डोक्याकडे बघितलं आणि हातातली फणी खाली ठेवली. पुढची बाई "अहो, माझा नंबर," म्हणाली, तर तिला नुसता हात दाखवला.

पिशवीतून मला काढून त्यांनी माझ्या पट्टीवरून नख फिरवलं, नखाला आलेला काळा थर हुंगला, खुंटीवरचा आकडा बघितला.

"किती वेळा?"

"रविवारी," डेनीन म्हणाली. "बुधवारी. आणि शनिवारी रेघ बघायला."

"शाळेच्या दिवशी मी पण," झकिया हळूच म्हणाली. डेनीनने चमकून तिच्याकडे बघितलं.

"वाळवून करता ना?"

"ओलसरच बरे बसतात, बाई. चादर आम्ही नेहमी..." डेनीन बोलता बोलता थांबली.

"डेनीन, केस आहेत गं ते."

"वाढतच नाहीत हो, बाई. शेरीस गेली तेव्हापासून थांबलेत. मी काय करू? सगळं करून बघितलं."

ओझेलाबाईंनी पोरीला रिकाम्या दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. मुळाशी भांग पाडला, बोटं फिरवली. "कोण म्हणतं थांबलेत? छान वाढतायत. एक दिवस थांबलेले नाहीत. वरून वाढतात तेवढे तुम्ही खालून तोडताय, किंबहुना त्याहून थोडे जास्तच. मुळापाशी केस नवा असतो, टोकाला जुना. टोकाचा केस सगळ्यात म्हातारा. वर्ष-दोन वर्षांपूर्वी डोक्यातून निघालेला असतो तो. त्यालाच तुम्ही जवळजवळ रोज भाजलंत, तर तो टिकणार कसा?"

झकिया आरशात आपल्या केसांच्या टोकांकडे बघत होती. तिने विचारलं, "म्हणजे आईने विंचरलेले केस टोकाला होते?"

आपण काय बोलून बसलो ते ओझेलाबाईंच्या ध्यानात आलं. पण शब्द तोंडातून गेलेला होता. "हो, बाळा," त्या म्हणाल्या.

"आता त्यातले किती राहिलेत?"

म्हातारीने मुळापासून दोन-दोन बोटं मोजायला सुरुवात केली. ऑक्टोबरपासून आजपर्यंतचे अठरा महिने ती बोटांनी मोजत खाली गेली. केस संपले, तरी बोटं मोजायची राहिलीच होती. थाप मारता आली असती तिला. पण शेरीसच्या खुर्चीत बसलेल्या शेरीसच्या पोरीला थाप कशी मारायची?

"नाही राहिले गं."

"मग कुठे गेले?"

डेनीनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. झकियाने खुर्ची तिच्याकडे वळवली, आणि तिला कळलं. खिडकीतली बशी तिला आठवली असणार.

"आपण जाळले," ती म्हणाली. "मावशी, आईचे केस आपण जाळले."

माझ्या उभ्या जन्मात मी साडेचारशेपर्यंत तापले आहे, पण त्या वेळी गार पडून होते आणि तरी मला भाजलं.

डेनीन तिथेच जमिनीवर बसली. दोन बायकांनी तिला धरून उठवलं. झकिया रडली नाही. ओझेलाबाईंनी सांगितलं की राठ झालेले केस हनुवटीच्या वर कापावेच लागतील, नाहीतर तुटत तुटत मुळापर्यंत जातील. "कापा," एवढंच ती म्हणाली. कात्री चालली. पांढऱ्या कापडावर पडलेल्या केसांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. ते आईचे नव्हतेच.

मग डोकं धुताना ओझेलाबाईंच्या बोटांना कानामागे चाप लागला.

"हे काय गं?"

"उंदराचं शेपूट," झकिया म्हणाली. "तिथे भाजलं होतं. तिथे मी कुणाला इस्त्री लावू देत नाही."

ओझेलाबाईंनी चाप काढला, वळकटी सोडली, वेणी उलगडली. पेन्सिलीएवढ्या जाडीची ती एक बट आखडून बसलेली होती. त्यांनी ती ओली केली, दोन बोटांत धरली आणि हळूच खाली ओढली. अगदी शेरीस ओढायची तशी. बट खांद्याखाली गेली. आणखी खाली गेली. "डेनीन, तो शर्ट धर बघू तिच्या पाठीला," त्या म्हणाल्या, आणि डेनीनने तो धरला. पाचवी रेघ गेली, जिच्याशेजारी शेरीसच्या अक्षरात तारीख होती. सहावी, सातवी, आठवी गेली. पार्लरमधल्या बायका ड्रायरखालून उठून आल्या. बटेचं टोक दहाव्या रेघेच्या खाली एक बोट जाऊन थांबलं.

"आईने बरोबर मोजलं होतं," झकिया म्हणाली, आणि मग रडली.

ओझेलाबाई बट तशीच धरून उभ्या होत्या. "अर्ध्याच्या खालचे सगळे तिच्या हातचे," त्या म्हणाल्या. मग डेनीनकडे वळून, आवाज चढवून नाही, साधंच म्हणाल्या, "हे एवढंच करायचं होतं गं. मोजायला इस्त्री कशाला हवी? शेरीस तर सिंकमध्येच मोजायची."

तेव्हा मला तो लाडाचा खेळ समजला. मोजायला माझी गरजच नव्हती. शेरीसला ते ठाऊक होतं, म्हणून ती मला खणात ठेवायची.

दुसऱ्या दिवशी चर्चला मला कोण नेणार? पण दुपारी जेवणाच्या टेबलावरच्या बोलण्यातून कळलं. पिवळा झगा, डोक्यावर आखूड कुरळे केस आणि पाठीवर एक दोरीसारखी बारीक वेणी. पोरांनी हसून घेतलं. पहिल्या बाकावर डेनीनने शेरीसची पिवळी टोपी आपल्याशेजारी ठेवली होती. झकियाने वेणी पुढे घेऊन मुठीत धरली आणि भाषण म्हटलं. एकही ओळ चुकली नाही. प्रुइटबाई नेमक्या त्या टोपीच्या मागे बसल्या होत्या.

त्याच संध्याकाळी डेनीन मला कचऱ्यात टाकायला निघाली. झकियाने तिच्या हातातून मला काढून घेतलं. "आईने आणली होती," ती म्हणाली. "या इस्त्रीचा काय दोष?"

"मग कुणाचा गं?" डेनीनने विचारलं.

झकियाने मला शर्टात गुंडाळून खणात ठेवलं. तो प्रश्न अजून त्या घरात तसाच आहे.

याला आता दोन वर्षं झाली. बशी गेली, तिच्या जागी बिस्किटांचा एक डबा आहे. डेनीन दर शनिवारी सिंकमध्ये पोरीचे केस धुते, पुरते वाळवते, टोकाकडून विंचरते. शेरीसहून हळू. कधीतरी ती एखादी ओली बट दोन बोटांत धरून ओढते आणि सोडते. झकिया खिदळत नाही, पण मान काढून घेत नाही. नवे केस खांद्याच्या खाली आले आहेत, चांगले दाट. कानामागची वेणी मात्र बारीक होत चालली आहे. केसालाही आयुष्य असतं, ते संपलं की तो आपोआप सुटून येतो. तसा एखादा कंगव्यात आला, की झकिया तो उजेडात धरून बघते. पूर्ण लांबीचा असतो आणि मुळाशी पांढरा ठिपका असतो. गळलेला आहे, तुटलेला नाही, एवढी खात्री करून ती तो डब्यात ठेवते. आता वेणीत आईच्या हातचे विसेक केस उरले असतील.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणीतरी मागे ठेवलेलं काहीतरी असेल. ते किती उरलं हे बघायला त्याला रोज तापवू नका, रोज ताणू नका. आणि माझ्यासारखी एखादी तुमच्या घरात असलीच, तर तिला क्वचित बाहेर काढा. केस आधी वाळवा, खुंटी तीनशेवर ठेवा, बटेवरून एकदाच फिरवा. आणि समोर बसलेली मुलगी कानावर हात ठेवून "इथे नको" म्हणाली, तर तिचं ऐका. तिथे मला नेऊ नका.